पेटी मिळाली, शिकवणार कोण?

भजनी मंडळांना वाद्यांसाठी अनुदान मिळतं, पण मोठ्या माणसांना गाणं-वाजवणं शिकवायची सोय गावात नसते. ढोकीसारख्या गावात प्रौढांचा संगीतवर्ग का हवा, तो कसा चालेल आणि त्याचा खर्च किती?

गावात सप्ताह ठरतो. मंडप ठरतो, कीर्तनकारांच्या तारखा मिळतात, पंगतीची वर्गणी जमते. मग कोणीतरी विचारतं, 'पेटीवर कोण बसणार?' आणि सगळे एकमेकांकडे बघतात. पेटीवाले काका आता थकलेत किंवा मुलाकडे पुण्याला राहायला गेलेत. त्यांच्या हाताखाली कोणी तयार झालेलं नाही. शेवटी शेजारच्या गावाला फोन जातो आणि बिदागी ठरवून वादक आणला जातो.

बायकांच्या भजनी मंडळाची अडचण याहून जुनी आहे. टाळ त्यांच्या हातात असतात, अभंग त्यांना पाठ असतात, पण बऱ्याच ठिकाणी पेटीला आणि पखवाजाला पुरुष बोलवावा लागतो. तो आला नाही की त्या दिवशीचं भजन टाळ्यांवर उरकतं.

प्रसंग साधा वाटेल, पण त्यामागचा प्रश्न साधा नाही. शाळा संपली की आपल्याकडे शिकणं संपतं. चाळिशीच्या बाईला किंवा पन्नाशीच्या शेतकऱ्याला पेटी, तबला, गायन शिकावंसं वाटलं, तर त्यांनी जायचं कुठे?

सरकार काहीच करत नाही का?

करतं, पण अर्धंच. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या निमित्ताने राज्य सरकारने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपयांचं भांडवली अनुदान जाहीर केलं. एकूण रक्कम साडेचार कोटी. पेटी, पखवाज, टाळ, वीणा असं साहित्य घेण्यासाठी हे पैसे आहेत.

निर्णय चांगलाच आहे. चांगली पेटी स्वस्त येत नाही आणि पखवाजाची पुडी बदलायलाही पैसे लागतात. पण पेटी विकत घेता येते, पेटीवर फिरणारी बोटं विकत घेता येत नाहीत. ती कोणीतरी शेजारी बसून तयार करावी लागतात. वाजवणारा नसेल, तर नवी पेटी कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे राहते.

आता एक हिशोब करू. शिकवणाऱ्याला एका तासिकेचे २५० रुपये धरले, तर २५ हजारांत शंभर तासिका होतात. आठवड्यातून दोन वेळा वर्ग घेतला, तर जवळपास वर्षभर वर्ग चालतो. म्हणजे एका मंडळाला वाद्यांसाठी जितके पैसे मिळतात, तितक्यात गावाला वर्षभराचा गुरू मिळू शकतो. वाद्यांचं अनुदान बंद करा, असं कोणी म्हणत नाही. त्याच्या जोडीला शिकवणाऱ्याच्या मानधनाची ओळ हवी, एवढंच म्हणणं आहे.

धोरणात मोठ्यांच्या कलाशिक्षणाला जागा आहे?

आहे, आणि बरीच स्पष्ट आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधलं एकविसावं प्रकरण प्रौढ शिक्षण आणि आयुष्यभर शिकण्याबद्दल आहे. त्यात प्रौढ शिक्षणाचे पाच भाग सांगितलेत : साक्षरता आणि अंकज्ञान, जीवनकौशल्यं, व्यवसाय कौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. या पाचव्या भागात कला, संस्कृती, क्रीडा, मनोरंजन हे विषय नाव घेऊन आले आहेत.

जागेचा प्रश्नही त्याच प्रकरणात सोडवला आहे. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी शाळेच्या इमारती प्रौढांच्या वर्गांसाठी वापराव्यात, सार्वजनिक वाचनालयांच्या जागा वापराव्यात, असं धोरण सांगतं. शाळांच्या संदर्भात ते आणखी एक वाट दाखवतं : स्थानिक कला शिकवायला त्या भागातल्या जाणकार माणसांना शिक्षक म्हणून बोलवावं.

हेच पाच भाग घेऊन केंद्राने २०२२ ते २०२७ साठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला, जो आपल्याला 'उल्लास' या नावाने माहीत आहे. त्याची तरतूद १,०३७.९० कोटी रुपयांची, त्यात केंद्राचा वाटा ७०० कोटी आणि राज्यांचा ३३७.९० कोटी. वयाची अट १५ वर्षं आणि त्यापुढे. पण उल्लास म्हटलं की आपल्याला आठवतं ते सर्वेक्षण, नावनोंदणी आणि मार्चमधली परीक्षा. बाराखडी आणि आकडेमोड आधी हवी, यात वाद नाही. ती झाल्यावर पुढचं पान मात्र उघडायला हवं. शिवाय सगळा कार्यक्रम स्वयंसेवकांच्या भरवशावर उभा आहे. अक्षर ओळख कोणीही शिकलेला माणूस फुकट करून देऊ शकतो. पखवाज शिकवणं हे अनेकांचं पोट आहे, ते फुकट मागता येत नाही.

मोठ्यांनी गाणं शिकायची आपल्याकडे रीत होती का?

होती, आणि ती महाराष्ट्रातल्याच माणसांनी घातली. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज सुरू झाला. मुंबईत पारशी मंडळींनी १८७० मध्ये गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली होती. नोकरी-धंदा करणारे लोक तिथे गाणं ऐकायला आणि शिकायला जमत. १८८४ मध्ये विष्णु नारायण भातखंडे या मंडळीत आले. पुढे ते वकील झाले. रागसंगीत लिपीत लिहून, क्रमाने पाठ लावून त्यांनी मराठीत पुस्तकं तयार केली. गुरूच्या घरी राहणं ज्याला शक्य नाही, त्यालाही पद्धतशीर शिकता यावं, याची ती सोय होती.

दुसरे विष्णु दिगंबर पलुसकर. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या या माणसाने ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तोपर्यंत गाणं शिकायचं म्हणजे वर्षानुवर्षं गुरूघरी राबायचं. इथे ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम आणि शिकण्याचं दार सगळ्यांना उघडं. त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या त्यांच्या परीक्षा आज गावोगावची मुलं देतात.

वारकरी परंपरेतही हेच घडलं. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथून निघालेल्या कीर्तनकारांनी आणि मृदंगवादकांनी महाराष्ट्र भरून काढला. पण तो अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि त्यासाठी घर सोडून राहावं लागतं. संसारात अडकलेल्या माणसाला ते जमत नाही. त्याला हवा आहे गावातला, संध्याकाळचा, दोन तासांचा वर्ग.

युरोपातलं एक उदाहरणही बघण्यासारखं आहे. डेन्मार्कमध्ये १८४४ मध्ये रोडिंग या गावी पहिली लोकशाळा निघाली. शेतकरी घरातल्या तरुणांसाठी ती होती आणि वर्ग हिवाळ्यात, शेतात काम कमी असताना भरत. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. एकत्र गाणं हा तिथल्या दिवसाचाच भाग होता. या शाळांचं गाण्यांचं पुस्तक १८९४ मध्ये निघालं आणि त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आजही निघतात. शेतीच्या वेळापत्रकाला धरून शिकणं कसं बेतायचं, एवढं तरी त्यांच्याकडून घेता येईल.

मुलांच्या क्लासमध्येच मोठ्यांना का बसवू नये?

कारण मोठा माणूस रिकाम्या पाटीने येत नाही. मुलाला आधी सा रे ग म, मग अलंकार, मग गीत असं शिकवतात. पन्नाशीच्या बाईला शंभर अभंग, ओव्या, आरत्या आधीच येतात, चालीसकट. तिला स्वरांची नावं माहीत नसतात, पण स्वर माहीत असतात. तिच्याकडून रोजचीच चाल म्हणून घ्यावी आणि तीच पेटीवर शोधून दाखवावी. 'हे जे तुम्ही म्हणता, तो हा ग आणि हा प,' असं दाखवलं की अर्धी भीती जाते.

तालाचंही तसंच. भजनी ठेका आठ मात्रांचा. टाळ वाजवणाऱ्याच्या हातात तो वर्षानुवर्षं बसलेला असतो, फक्त त्याने कधी मात्रा मोजलेल्या नसतात. केरवा आठ मात्रांचा आणि दादरा सहा मात्रांचा, हे त्याला टाळ हातात घेऊन सांगितलं तर एका संध्याकाळीत कळतं. फळ्यावर लिहून सांगितलं तर आठवडा जातो.

तिसरी गोष्ट पट्टीची. शास्त्रीय गाणं शिकताना पुरुष साधारण काळी एक-दोनच्या आसपास सा धरतात, बायका काळी चारच्या आसपास. भजनात एकच पट्टी ठरते आणि ज्याला ती झेपत नाही, तो 'मला गळाच नाही' म्हणून गप्प बसतो. अनेकांना गळा असतो, चुकलेली असते ती पट्टी. प्रत्येकाची पट्टी शोधून देणं हे अशा वर्गातलं पहिल्या दिवसाचं काम.

आणि हो, बोटं जड असतात. विळा, खुरपं, पाना धरलेल्या हाताला पेटीच्या पट्ट्यांवर सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ देणारा शिक्षक हवा.

खरी अडचण पैशाची की लाजेची?

दोन्हींची, पण लाजेची जास्त. 'आता या वयात?' हा प्रश्न घरातून येतो, शेजारून येतो आणि सगळ्यात आधी स्वतःच्या मनातून येतो. नातवासमोर चुकायचं कसं, सुनेसमोर गायचं कसं, ही धास्ती असते.

या प्रश्नाचं उत्तर ढोकीच्या शेजारीच आहे. तेर हे संत गोरा कुंभारांचं गाव. त्यांची कच्च्या मडक्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. संत मंडळी जमली होती. मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारलं, यातलं कोणतं मडकं पक्कं नि कोणतं कच्चं? काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे शांत राहिले, नामदेव मात्र रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं आहे.

आपण ही गोष्ट इथेच थांबवतो आणि हसतो. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. नामदेव तेव्हा कोणी पोर नव्हते, पंढरीत त्यांचं नाव होतं. चारचौघांत कच्चं ठरल्यावर ते रुसून घरी बसले नाहीत. विसोबा खेचरांकडे गेले आणि शिकले. मोठेपणी शिष्य होण्यात कमीपणा नाही, हे या मातीने कधीच सांगून ठेवलं आहे.

यूट्यूबवर सगळं आहे की!

खरं आहे. तुम्ही हा मजकूर ज्या फोनवर वाचताय, त्याच फोनवर पेटीचे शेकडो धडे आहेत, तानपुऱ्याचं ॲप आहे, तबल्याच्या लयीचं ॲप आहे. ते जरूर वापरा. घरी रियाजाला त्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

पण तो धडा तुम्हाला ऐकत नाही. तुमचा सा खाली लागतोय, अंगठा चुकीच्या पट्टीवर जातोय, तुम्ही समेवर येताना घाई करताय, हे त्याला दिसत नाही. दहा दिवसांनी चूक पक्की होते आणि विसाव्या दिवशी आपण 'आपल्याला नाही जमत' म्हणून धडा बंद करतो. वर्गात शेजारचाही चुकत असतो, त्यामुळे धीर राहतो. पुढच्या गुरुवारी जायचंय म्हणून बुधवारी रात्री पेटी उघडली जाते. फोन माहिती देतो, शिकायची शिस्त मात्र माणसं लावतात.

शिकवायचं काय आणि कोणी?

इथे एक चूक टाळायला हवी. संगीतवर्ग म्हणजे फक्त राग आणि परीक्षा नव्हे. हा तुळजाभवानीचा जिल्हा आहे. गोंधळ्यांचं संबळ, आराधी मंडळींची गाणी, हलगी, पोवाडा, जात्यावरच्या ओव्या, भीमगीतांच्या गायन पार्ट्या, कव्वाली, हे सगळं इथल्या लोकांचंच आहे. यातलं बरंचसं फक्त माणसांच्या कानात आणि हातात आहे. तो माणूस गेला की ते गेलं.

म्हणून गुरू दोन प्रकारचे लागतील. एक, विशारद झालेली जिल्ह्यातली तरुण मुलं-मुली, ज्यांना पदवी आहे पण शाळांमध्ये संगीत शिक्षकाची जागा नाही. दुसरे, संबळ-हलगी वाजवणारे, गोंधळ घालणारे, आराध्याची गाणी म्हणणारे बुजुर्ग. वाजवायला बोलावताना ज्याला आपण अंगणात उभं ठेवतो, त्याच माणसाला खुर्ची देऊन 'गुरुजी' म्हणायची वेळ या वर्गामुळे येईल. त्याच्या हातात ठरलेलं मानधन पडेल. माझ्या मते वर्ग सुरू करण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

याच कारणाने वर्गाची जागा शाळा किंवा वाचनालय असावी. देवळात भजन चालतं, ते तसंच चालू राहावं. पण शिकण्याच्या जागी प्रत्येक वस्तीतला, प्रत्येक धर्माचा माणूस, कोणतीही बाई, कोणत्याही दिवशी न बिचकता येऊ शकली पाहिजे.

आधी पाणी, रस्ता, उसाचं बिल; मग गाणं?

हा आक्षेप येणारच, आणि तो हलका नाही. धाराशिव हा देशातल्या ११२ आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. दुष्काळ इथे पाहुणा म्हणून येत नाही, घरचाच असल्यासारखा राहतो. तेरणा कारखान्याचं धुराडं पेटलं की नाही, यावर ढोकीच्या बाजारपेठेची दिवाळी ठरते. अशा ठिकाणी पेटी-तबल्याची चर्चा चैनीची वाटू शकते.

पण थांबा. संगीतवर्गासाठी कोणाचं पाणी तोडायचं नाही की रस्ता रद्द करायचा नाही. खोली आहे, ती संध्याकाळी कुलूपबंद असते. वाद्यं निदान काही मंडळांकडे आहेत. लागणारी रक्कम गावच्या एका कमानीच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

दुसरं, ताणात असलेल्या माणसालाच चार माणसांत बसण्याची जास्त गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ मध्ये तीन हजारांहून जास्त अभ्यासांचा आढावा घेतला. आजार टाळण्यात आणि मनाचं आरोग्य राखण्यात कलांचा हातभार लागतो, असं त्यातून पुढे आलं. गाणं म्हणजे औषध नव्हे, त्याने कर्ज फिटत नाही. पण आठवड्यातून दोनदा जो माणूस ठरलेल्या जागी येतो, तो आला नाही तर कोणाच्या तरी लक्षात येतं. आपल्या भागात एवढं लक्ष असणंही थोडं नाही.

मग सुरुवात कशी करायची?

गावाने मनावर घेतलं तर पाच पायऱ्या पुरेत.

१. ग्रामसभेत ठराव मांडा. शाळेची एक खोली किंवा वाचनालय आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळावं, एवढाच. धोरणाचं एकविसावं प्रकरण सोबत ठेवा.

२. पैशाची तीन तोंडं ठेवा. वीस जणांनी महिना शंभर रुपये दिले तर दोन हजार होतात, म्हणजे २५० रुपयांप्रमाणे आठ तासिका. ज्याला शंभर जड जातात, त्याची फी गावाने भरावी. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. महिलांच्या गायन-वादन वर्गाची मागणी त्या यादीत घाला. तिसरा वाटा गणेश मंडळांनी उचलावा. डीजेच्या एका रात्रीच्या पैशात वर्गाचे कित्येक महिने निघतात.

३. वेळापत्रक शेतीकडे बघून लावा. सोयाबीनची पेरणी आणि काढणी, ज्वारीची काढणी, या काळात सुट्टी. वारीच्या दिवसांत सुट्टी. बायकांच्या वर्गाची वेळ बायकांनाच विचारून ठरवा.

४. परीक्षा ऐच्छिक ठेवा. ज्यांना गांधर्वच्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांनी द्याव्यात. बाकीच्यांसाठी सप्ताहातलं एक भजन हीच परीक्षा.

५. बुजुर्गांची गाणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या नावासह. वाचनालयाच्या संगणकात त्याची एक प्रत राहू द्या.

राज्य सरकारने करायचं काम एकच आहे. भजनी मंडळांच्या अनुदानात वाद्यांच्या खाली 'शिकवणाऱ्याचं मानधन' ही ओळ घालावी आणि ज्या गावात वर्ग चालतो, त्या गावाला प्राधान्य द्यावं. त्यासाठी नवी समिती नको, नवा पोर्टलही नको.

पुढच्या वर्षीही सप्ताह येईल, मंडप पडेल, वर्गणी जमेल. 'पेटीवर कोण बसणार?' असं कोणी विचारलं, की बायकांच्या रांगेतून एखादी मावशी म्हणेल, 'मी बसते. चुकलं तर सांभाळून घ्या.' ते ऐकायचं असेल तर वर्ग यंदाच सुरू व्हायला हवा.